कात्रीबाई कोर्टाची पायरी चढते

आमच्या रस्त्यावर बायकांचे केस नीट कापून देणारं एकच दुकान आहे, ते कात्रीबाईचं. हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, यावरही दोन मतं आहेत. तिला विचारलं तर म्हणते, "दोन्ही एकदमच चालतात. ज्याला एकच हवी असेल त्यानं दुसरं दुकान बघावं."

दुकान लहान आहे. दोन खुर्च्या, मागे केस धुवायचं बेसिन, भिंतभर आरसा, आणि हँडलला चिकटपट्टी गुंडाळलेला एक जुना ड्रायर. एका खुर्चीशी कात्रीबाई उभी, दुसरीशी तिची धाकटी बहीण. कापणं कात्रीबाईकडे, धुणं, रंगवणं, भुवया कोरणं धाकटीकडे. धाकटी फार कमी बोलते. तिच्या वाट्याला बोलणं उरतच नाही. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत दोघी राहतात.

कात्रीबाईचं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल ती एवढंच सांगते, "माणूस वाईट नव्हता. त्याला ऐकणारी बायको हवी होती आणि मला ऐकणारा नवरा." पुढे आईनं अंथरूण धरलं. थोरली बहीण आपल्या संसारात होती, म्हणून आईला कात्रीबाईनं मागच्या खोलीत आणलं. मधलं दार उघडं ठेवून ती केस कापायची, म्हणजे दुकानातल्या गप्पा आईला ऐकू जात. त्या सगळ्या वर्षांत दुकान आणि ती खोली सोडून दोघी बहिणी कुठे म्हणून गेल्या नाहीत. आम्ही गिऱ्हाइकं सुट्टीवर जाऊन यायचो, खुर्चीत बसून सांगायचो, आणि कात्रीबाई "हं, मग?" करत ऐकायची.

आई गेली. काही महिन्यांनी धाकटीनं एक दिवस मोबाईल पुढे केला. पाण्याकाठी, उतारावर एक घर होतं, दोन-चार दिवसांसाठी भाड्यानं मिळणारं. वर मोठी गच्ची, खाली बाग. फोटोत काही माणसं गच्चीवर हात वर करून नाचत होती.

"ताई, जाऊ या?" धाकटी म्हणाली.

कात्रीबाईनं फोटो जवळ धरून, लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "दुकानाला कुलूप लाव."

थोरलीलाही बोलावलं होतं. पण थोरलीच्या नवऱ्याला, म्हणजे भावजींना, ते रुचलं नाही. भावजी बँकेतून निवृत्त झालेले. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढे उलट बोलायची सगळ्यांनाच चोरी. ते म्हणाले, "आईला जाऊन वर्ष नाही झालं. लोक काय म्हणतील?"

"आई होती तेव्हा जाता येत नव्हतं, भावजी," कात्रीबाई म्हणाली. "आता ती नाही म्हणून जायचं नाही. मग जायचं कधी, मी गेल्यावर?"

दोघीच गेल्या. पहिल्याच दुपारी गच्चीत गाणं लावून नाचल्या. धाकटीनं त्याचा व्हिडिओ काढला आणि मैत्रिणींनी बघावा म्हणून टाकलाही. मग पाण्यात डुंबून आल्या, झोपल्या, उठल्या. संध्याकाळी कात्रीबाई ओले टॉवेल घेऊन बागेतल्या दोरीवर वाळत घालायला निघाली.

गच्चीतून बागेत उतरायला मागच्या बाजूला पायऱ्या होत्या. त्यांना आतल्या हॉलला होती तीच फरशी बसवलेली, गुळगुळीत, तोंड दिसेल अशी. वर पाय धुवायचा नळ होता आणि त्याचं पाणी नीट वाहून न जाता थेट पायऱ्यांवर ओघळत होतं. धरायला कठडा नव्हता. कात्रीबाई सांगते, "पाणी मला दिसलं. म्हणून मी हळूच पाय ठेवला. पायरीनं तो हळूच नेला." तोल सावरायला उजवा हात खाली टेकला आणि सगळा भार मनगटावर आला. धाकटीला आवाज वर खोलीत ऐकू गेला. तिला वाटलं, खुर्ची मोडली.

मनगटात पट्टी आणि स्क्रू बसवले. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, सूज उतरली. पण अंगठा पूर्ण मिटेना. कात्रीच्या कडीत तो जायचा, पण दोन पाती एकमेकींना भेटायच्या आत थांबायचा. डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "रोजची सगळी कामं तुम्हाला जमतील."

"माझं रोजचं काम हेच आहे," कात्रीबाई म्हणाली.

हात प्लास्टरमध्ये होता तेव्हाच घरमालक भेटायला आला होता. हसतमुख, तरुण, हातात फळांची टोपली. मीही तेव्हा दुकानात होते. "मावशी, जिवावरचं बोटावर निभावलं म्हणायचं," तो म्हणाला.

"बोटावरच तर माझं पोट आहे," कात्रीबाई म्हणाली. "तिथं कठडा का नाही?"

"होता ना आधी. काढला. पाण्याचा देखावा अडायचा, फोटो चांगले येत नव्हते." त्यानं अगदी सहज सांगितलं, जसं कुणी सोफा का हलवला ते सांगावं. वर म्हणाला, "पाहुणेही जरा घाईत असतात, मावशी."

त्या रात्री कात्रीबाईनं डाव्या हाताच्या एका बोटानं त्या घराच्या वेबसाइटवरच्या पानावर अभिप्राय लिहिला. मागच्या पायऱ्या निसरड्या आहेत, कठडा नाही, मी पडले, तुम्ही सांभाळा. एवढंच. शिवी नाही की शाप नाही. काही दिवसांत तो तिथून नाहीसा झाला. वेबसाइटवाल्यांनी कळवलं की, तो नियमांत बसत नाही. पडल्याचा जितका राग तिला आला नव्हता, तितका हे वाचून आला. "मी पडले हे नियमात बसतं," ती म्हणाली, "मी सांगितलं हे बसत नाही."

तिनं दावा लावायचं ठरवलं, तेव्हा थोरलीच्या घरी बैठक बसली. भावजी म्हणाले, "मौज करायला गेलीस, लागलं, झालं गेलं. आपल्या घरात कोर्टकचेरी कुणी केली नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"त्याची पायरी उतरताना पडले, भावजी. आता कोर्टाची चढून बघते."

वकीलबाई तिचीच गिऱ्हाईक. एरवी खुर्चीत बसून त्या ऐकायच्या आणि कात्रीबाई सांगायची. त्या दिवशी उलट झालं. वकीलबाई म्हणाल्या, "पडलात म्हणून कुणी भरपाई देत नाही. तिथं धोका होता, मालकाला तो ठाऊक होता आणि त्यानं काही केलं नाही, हे दाखवावं लागतं. ते म्हणणार, तुम्हीच बघून चालला नाहीत. कठडा कधी नव्हताच, असंही म्हणतील."

"माझ्यासमोर बोललाय तो."

"तुमच्यासमोर, तुमच्या बहिणीसमोर आणि तुमच्या गिऱ्हाइकासमोर. तुमचीच सगळी माणसं. तुमच्या आधी तिथं कुणी घसरलं असेल, मालकाला सांगितलं असेल, असा परका माणूस हवा."

"तेवढंच ना," कात्रीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दाराशी स्टुलावर बसू लागली. कापणं, धुणं, रंगवणं सगळं धाकटीवर आलेलं होतंच; कात्रीबाईकडे बोलणं राहिलं होतं. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला ती पडल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि शेवटी विचारायची, तुमच्या ओळखीचं कुणी त्या घरी गेलं होतं का? काही बायकांनी दोनदा ऐकली, मी चारदा तरी ऐकली असेल. एकीनं तर सांगितलं की, भुवया कोरून घ्यायला आलेय, अर्धी पोथी ऐकून परत जातेय. तरी कात्रीबाई थांबली नाही.

आणि एका सकाळी केस धुऊन घेता घेता एक शाळामास्तरीण म्हणाली, "थांबा. आमचे सासरे घसरले होते की तिथं."

सासरे म्हणजे आयुष्यभर बस चालवलेले गृहस्थ. ते स्वतःच दुकानात आले, बायकांच्या दुकानात कसं बसावं ते न कळून उभेच राहिले. म्हणाले, "मला मुका मार लागला, तेवढ्यावर भागलं. पण त्याच संध्याकाळी मी त्या मुलाला फोन केला होता. म्हटलं, तुझी पायरी म्हणजे साबणाची वडी आहे, कुणाचं तरी हाड मोडेल. तो म्हणाला, बघतो काका."

"कोर्टात येऊन सांगाल?"

"सांगीन. मोडलेलं हाड समोर बसलंय."

ड्रायव्हरकाकांचं नाव साक्षीदारांत गेलं आणि समोरच्यांचा सूर बदलला. मालकानं घराचा विमा उतरवला होता, त्यामुळे बोलणी करायला विमा कंपनीचा माणूस आला. रक्कम चांगली होती. वकीलबाई स्पष्टच म्हणाल्या, "कोर्टात याहून कमी मिळू शकतं. काहीच न मिळणंही शक्य आहे. मला विचाराल तर वाईट नाही." पण एक अट होती. झाल्या प्रकाराबद्दल कात्रीबाईनं यापुढे कुणाशीही बोलायचं नाही. लिहायचं नाही, दुकानात सांगायचं नाही, नातेवाइकांत काढायचं नाही. मालकाची चूक होती असंही कुठे येणार नव्हतं.

विम्याचा माणूस पेन पुढे करून बसला होता. सगळ्यांना वाटलं, आता ती काहीतरी खणखणीत बोलणार. पण ती धाकटीकडे बघत राहिली. गेले कित्येक महिने धाकटी एकटी दुकान ओढत होती. संध्याकाळी तिचे हात खांद्याच्या वर जात नसत, आणि रंगाच्या डागांनी बोटं काळी पडलेली असत.

"तू सांग," कात्रीबाई तिला म्हणाली. "तू घे म्हणालीस तर मी आत्ता सही करते. तुला पुन्हा कधी बोलून दाखवणार नाही."

धाकटी मग म्हणाली, "सही केलीस तर तू दुकानात गप्प बसणार. म्हणजे मला बोलावं लागेल. ते मला जमायचं नाही."

विम्याच्या माणसालाही हसू आलं. कात्रीबाई मात्र हसली नाही. तिनं ते पेन त्याच्या खिशाला परत अडकवलं आणि म्हणाली, "माझं दुकान दोन गोष्टींवर चालतं, कात्री आणि तोंड. कात्री तुमच्या पायरीनं नेली. आता तोंडही न्यायला आलात?"

दाव्याची तारीख लागली तेव्हा मी साक्षीला गेले होते. मालकाचं बोलणं मी ऐकलं होतं, ते सांगून झालं. मग मागच्या बाकावर बसून पुढचं पाहिलं. माझ्या शेजारी थोरली आणि भावजी. भावजी येणार नव्हते; थोरली म्हणाली, "मी जाणार," म्हणून आले.

मालकानं शपथेवर सांगितलं की, तिथं कठडा कधी नव्हताच. मग त्याच्या वकिलानं कात्रीबाईला उभं केलं आणि एक व्हिडिओ लावला. धाकटीनं टाकलेला तोच व्हिडिओ. कोर्टाच्या पडद्यावर कात्रीबाई गच्चीत नाचत होती, केस मोकळे, डोळे मिटलेले, तोंडभर हसू, एका हातात ग्लास. माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या धाकटीनं मान खाली घातली. आपणच ताईला खड्ड्यात घातलं, असं तिला वाटलं असणार.

"बाई, या तुम्हीच ना?" वकिलानं विचारलं.

"मीच. माझ्यासारखी दुसरी कुठून आणणार?"

"तुम्ही नाचताय."

"नाचतेय."

"तुमच्या वयाला आणि क्षमा करा, तुमच्या वजनाला, इतकं नाचल्यावर पाय थकले असतील."

"केस कापणाऱ्या बाईचे पाय आहेत ते. सकाळी दुकान उघडल्यापासून उभेच असतात. दोन गाण्यांनी थकले असते तर दुकान केव्हाच बंद पडलं असतं. आणि वजनाचं म्हणाल तर ते मी जन्मभर वाहतेय, आजवर कुठे सांडलं नव्हतं."

"हातात ग्लास आहे."

"लिंबूपाणी. दुसरं काही असतं तरी सांगितलं असतं."

"म्हणजे थोडक्यात, तुम्ही मौज करत होता."

हा शब्द तिनं आधी भावजींकडूनही ऐकला होता. मग आवाज न चढवता बोलली, "हो. मौज करत होते. घर त्याचसाठी भाड्यानं घेतलं होतं. यांच्या जाहिरातीत माणसं त्याच गच्चीत नाचतायत, तो फोटोही लावा पडद्यावर. नाचा म्हणून बोलवायचं, आणि कुणी पडलं की विचारायचं, नाचत का होता. बरं, नाचताना मी पडलेच नाही. गच्ची कोरडी होती, तिथं काही झालं नाही. पडले ते टॉवेल वाळत घालायला जाताना. जन्मात एकदा सुट्टी घेतली, आणि पडले तेही काम करताना."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"तेवढंच सांगितलं, साहेब. मौज त्यांनीच विचारली."

त्यानंतर ड्रायव्हरकाका आले. वकिलानं त्यांना वय विचारलं, चष्म्याचा नंबर विचारला. काका म्हणाले, "हाच चष्मा लावून मी बस चालवली. माझ्या बसमध्ये चढता-उतरता कुणी पडलं नाही, कारण दांडा होता आणि मी तो कधी काढला नाही." मग मूळ मुद्द्यावर आले. ते त्या घरी दोनदा गेले होते. पहिल्यांदा गेले तेव्हा पायऱ्यांना कठडा होता. "म्हणून तर दुसऱ्यांदा घसरलो. सवयीनं हात तिकडे गेला, आणि हाताला काही लागलंच नाही."

मालक खाली बघू लागला. त्याच्या वकिलानं पुढे फार काही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर धाकटी रडायला लागली. "ताई, तो व्हिडिओ मी टाकला."

"बरं केलंस," कात्रीबाई म्हणाली. "माझा एवढा चांगला फोटो कुणी काढलेला नाही."

भावजींनी कात्रीबाईची पिशवी आपल्या हातात घेतली. तिच्या उजव्या हाताला पिशवी पेलत नाही, हे त्यांच्या तेव्हा प्रथम लक्षात आलं असावं. रस्ता ओलांडल्यावर म्हणाले, "त्या व्हिडिओत हसत होतीस, तसं हसताना तुला मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं." आणि लगेच रिक्षा शोधायला पुढे गेले.

निकाल लागला तो तिच्या बाजूनं, पण पुरता नाही. मालकाला धोका ठाऊक होता, कठडा काढणं ही त्याची चूक, हे न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं. मात्र पायरीवर पाणी दिसूनही ती उतरली, म्हणून दोषाचा चौथा हिस्सा तिच्या माथी मारला, आणि भरपाई तेवढी कापली. हातात येणारी रक्कम विम्याच्या माणसानं देऊ केली होती तिच्यापेक्षा कमी निघाली.

भावजी बँकेतला माणूस, त्यांना राहवलं नाही. "ऐकलं असतंस तर जास्त मिळालं असतं."

"मिळालं असतं," ती म्हणाली. "आणि आत्ता तुम्ही मला हे म्हणालात, त्याला उत्तर देता आलं नसतं."

तिला टोचत होता तो चौथा हिस्सा. वकीलबाईंनी परोपरीनं समजावलं की, अपिलात वेळ जाईल, हाती फारसं लागणार नाही. कात्रीबाईचं एकच. "बागेत जायला दुसरी वाट नव्हती. पाणी दिसल्यावर मी काय करायला हवं होतं, उडायला? तसं लिहून द्या, मी सोडून देते." तसं कुणी लिहून देईना. अपील दाखल झालं, ते अजून चालू आहे. वकीलबाई केस कापायला येतात तेव्हा आता दोघी त्याबद्दलच बोलतात, आणि धाकटी निवांत ऐकते.

दुकान बंद पडलं नाही. धाकटी कापायला शिकली. बारीक काम तिला कात्रीबाईइतकं साधत नाही, पण साधेल. कात्रीबाईनं डावखुऱ्यांची कात्री मागवली आणि डाव्या हाताला पहिल्यापासून धडे देतेय. सरावाला डोकी हवीत, म्हणून तिनं जाहीर केलं की डाव्या हातानं कापून घेणाऱ्याला पैसे पडणार नाहीत. मी एकदा बसले. एक बाजू कानाखाली, दुसरी कानावर. ती मागे उभी राहून आरशात बघत म्हणाली, "उजवी बाजू कोर्टासारखी झालीय. चौथा हिस्सा खाल्ला." पुढचे काही आठवडे मी डोक्याला रुमाल बांधून फिरले, पण हसू आवरत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक त्याच घरी राहून आली. पायऱ्यांना खडबडीत फरशी बसलीय आणि दोन्ही बाजूंना कठडा आलाय, असं तिनं सांगितलं. आम्हाला वाटलं, कात्रीबाई खूश होईल. तिनं विचारलं, "हलवून बघितलास का? घट्ट आहे?" घट्ट आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग ठीक," आणि पुढच्या बाईला खुर्चीत बोलावलं.

या वर्षी दोघी बहिणी पुन्हा सुट्टीवर गेल्या, दुसऱ्या गावाला, डोंगरातल्या घरी. या वेळी थोरलीही गेली, आणि भावजींनी स्वतः तिला गाडीत बसवून दिलं. घर चांगलं होतं, पण पहिल्या सकाळी नळाला गरम पाणी येईना. कात्रीबाईनं तडक मालकाला फोन लावला आणि काय काय हवं ते सांगायला सुरुवात केली. धाकटीनं उशीत तोंड खुपसलं. "ताई, पुन्हा कोर्ट नको गं."

"कोर्ट कशाला," कात्रीबाई फोनवर हात ठेवून म्हणाली. "मला अंघोळ करायचीय."

तासाभरात माणूस आला, पाणी तापलं. तिघी न्हाऊन, केस सोडून उन्हात बसल्या. थोरलीनं विचारलं, परत कधी निघायचं? कात्रीबाईनं घरमालकाला पुन्हा फोन लावला आणि मुक्काम एक दिवस वाढवून घेतला.